मिस्सेला बसावे, पण ख्रिस्तप्रसाद घ्यावा का?

या महिन्याच्या टपालात चार पत्रे एकाच विषयाची निघाली : घरच्यांची श्रद्धा आणि आपली श्रद्धा वेगळी झाली तर काय करावे. तीन ख्रिस्ती घरांतून आली आहेत आणि एक कट्टर विवेकवादी घरातून. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. हा विषय माझ्या स्वतःच्या घरातलाही आहे, त्यामुळे पहिले उत्तर नेहमीपेक्षा लांबले आहे. वाचकांनी ते सांभाळून घ्यावे.

प्रश्न : आदरणीय बाई, मी सव्वीस वर्षांची असून वसईतल्या एका कॅथलिक कुटुंबातली आहे. गेली चार वर्षे माझा देवावर विश्वास राहिलेला नाही. कोणता आघात झाला किंवा कोणी कान भरले असे काही घडले नाही. वाचता वाचता आणि विचार करता करता तो विरत गेला. तरीही दर रविवारी मी आईबरोबर मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते, आणि बाकावर एकटी बसून राहिले तर चार लोक पाहतील म्हणून रांगेत उभी राहून ख्रिस्तप्रसादही, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानली जाणारी भाकरही, घेते. आता भावाने बाळाच्या स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी मला धर्ममाता, म्हणजे बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी, व्हायला सांगितले आहे. मी ढोंगी आहे का? आईला सांगावे का? आणि स्वतःला नास्तिक म्हणावे की अज्ञेयवादी?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देते. ‘अज्ञेयवादी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द थॉमस हेन्री हक्स्ली यांनी १८६९ साली घडवला, कारण ईश्वर आहे आणि ईश्वर नाही या दोन्ही गोष्टी ठामपणे सांगणाऱ्यांत त्यांना स्वतःची जागा दिसत नव्हती. त्यांचे मित्र चार्ल्स डार्विन तरुणपणी केंब्रिजला शिकत होते ते पाद्री होण्याच्या इराद्याने. सत्तरीला आल्यावर, १८७९ साली एका पत्राच्या उत्तरात त्यांनी लिहिले की, ईश्वराचे अस्तित्व नाकारणारा या अर्थाने आपण कधीच नास्तिक नव्हतो आणि वय वाढत गेले तसे अज्ञेयवादी हेच वर्णन आपल्याला अधिक लागू पडू लागले. एवढ्या मोठ्या माणसाला जे सत्तराव्या वर्षी ‘बहुधा’ म्हणून सांगावेसे वाटले, ते तुम्ही सव्विसाव्या वर्षी पक्के ठरवलेच पाहिजे असे मुळीच नाही. नाव मागाहून सापडेल, किंवा सापडणारही नाही.

ढोंगाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो तुम्हाला पडला याचा मला आदर वाटतो. मीही तुमच्याच वयाच्या आसपास मिस्सेला जाणे सोडले. आईला ते सांगितले तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. पुढे अनेक वर्षांनी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून मी तिच्याबरोबर जपमाळ म्हणत असे. तिच्या जपमाळेतला एक मणी कधीतरी तुटून पडला होता आणि त्या जागी तिने काळ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती. त्या गाठीवर बोट आले की ती दमून थांबायची आणि पुढचे ‘नमो मरिया’ मी पूर्ण करायची. एका नातलगाने मला विचारले, की आता पुन्हा विश्वास बसला का, आणि नसेल तर हे नाटक कशासाठी. मी खूप विचार केला आणि तेव्हा सुचलेले उत्तर आजही मला पटते. ते नाटक नव्हते, कारण ज्या एका माणसासमोर ते चालले होते त्या माणसाला सगळे ठाऊक होते. आईला माहीत होते की शब्द तिचे आहेत आणि आवाज फक्त माझा आहे.

समोरच्याला फसवले तर ते ढोंग. दुसऱ्याच्या प्रार्थनेत त्याच्या शेजारी बसणे हे ढोंग नव्हे. पण काही शब्द असे असतात की ते दुसऱ्याच्या वतीने म्हणता येत नाहीत. ‘ख्रिस्ताचे शरीर’ असे म्हणून धर्मगुरू प्रसाद पुढे करतात आणि आपण ‘आमेन’ म्हणतो, तेव्हा तो होकार आपला स्वतःचा असतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : आईबरोबर मिस्सेला खुशाल बसा, ख्रिस्तप्रसाद मात्र घेऊ नका. तुमचा विश्वास नाही म्हणून तुमचे काही बिघडणार नाही हे खरे, पण ज्यांच्या रांगेत तुम्ही उभ्या राहता त्यांच्यासाठी ती जगातली सर्वांत पवित्र गोष्ट आहे, आणि चर्चचीही अपेक्षा हीच आहे की ज्याचा विश्वास नाही त्याने ती घेऊ नये. इथे तुमची आणि फादरांची अडचण एकच आहे.

ही रेघ मी ओढलेली नाही. ॲनी बेझंट आपल्याला होमरूल चळवळीमुळे आणि १९१७ च्या काँग्रेस अध्यक्षपदामुळे माहीत आहेत, पण त्याआधी त्या इंग्लंडमधल्या सिब्सी या गावच्या पाद्र्याच्या पत्नी होत्या. मुलीच्या जिवावरच्या आजारपणानंतर त्यांचा विश्वास डळमळला आणि येशूच्या देवत्वावरून तो उडाला. नवऱ्याबरोबर चर्चमध्ये बसण्याची त्यांची तयारी होती, कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेण्याची मात्र नव्हती. पहिल्यांदा तो प्रसंग आला तेव्हा त्या बाकावरून उठून बाहेर गेल्या. पाद्रीणबाईंना बरे वाटत नसेल असे समजून गावकरी दुसऱ्या दिवशी विचारपूस करायला आले. १८७३ साली नवऱ्याने कम्युनियन घे नाहीतर घर सोड असा पर्याय ठेवला आणि त्यांनी घर सोडले. पाच वर्षांनी न्यायालयाने मुलीचा ताबाही त्यांच्याकडून काढून घेतला, आणि त्यामागे त्यांचे नास्तिक असणे हे एक प्रमुख कारण होते. आज वसईत असे काही होणार नाही, पण त्या बाकावरून उठणे किती जड असते हे तुम्हाला कळेल म्हणून सांगते.

याच्या उलट उदाहरण मेरी ॲन इव्हान्स यांचे आहे. त्या पुढे जॉर्ज एलियट या नावाने कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाल्या. जानेवारी १८४२ मध्ये, बावीस वर्षांच्या असताना, त्यांनी वडिलांबरोबर चर्चला जायला एकाएकी नकार दिला. वडील इतके दुखावले की राहते घर सोडून देण्याची भाषा करू लागले आणि मुलगी काही आठवडे भावाकडे जाऊन राहिली. अखेर दोघांनी तडजोड केली : तिने चर्चमध्ये यावे आणि तिथे बसून हवा तो विचार करावा. पुढची सात वर्षे, वडिलांच्या मृत्यूपर्यंत, तिने त्यांची सेवा केली. त्याच काळात बायबलची चिकित्सा करणाऱ्या एका मोठ्या जर्मन ग्रंथाचा तिचा अनुवादही प्रसिद्ध झाला. त्या भांडणाची खंत तिला पुढे आयुष्यभर वाटत राहिली. खंत मताची नव्हती, सांगण्याच्या रीतीची होती.

म्हणून आईला सांगा, पण नाताळच्या तोंडावर सांगू नका आणि भावाच्या देखतही नको. काय बदलले नाही ते आधी सांगा. ईश्वराच्या अस्तित्वावर वाद घालू नका, तिने घातला तरी. ती बहुतेक एकच प्रश्न विचारील : माझे काय चुकले? या प्रश्नाचे उत्तर आधीच मनाशी तयार ठेवा, आणि ते खरे असू द्या. ती म्हणाली की एकदा फादरांना भेट, तर भेटा आणि त्यांनाही हेच सांगा. माणसे असे ऐकून कोसळतात हे खरे, पण बहुतेक जण उठूनही बसतात.

धर्ममातेचे मात्र भावाला लगेच सांगायला हवे, स्नानसंस्काराची तारीख ठरण्याआधी. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार धर्ममाता किंवा धर्मपिता होणारी व्यक्ती साधारण सोळा वर्षांवरील, दृढीकरण हा श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार झालेली आणि श्रद्धेला साजेसे जीवन जगणारी असावी लागते. त्या विधीत तुम्हाला विचारले जाईल की तुम्ही परमेश्वर पित्यावर श्रद्धा ठेवता का, आणि ‘होय’ असे तुम्हालाच, बाळाच्या देखत, म्हणावे लागेल. ते म्हणू नका. नियमाने एक धर्ममाता किंवा एक धर्मपिता पुरेसा असतो, त्यामुळे भावाची अडचण होणार नाही. बाळाला कडेवर घेऊन तुम्ही चर्चमध्ये उभ्या राहू शकताच. आत्या तर तुम्ही आहातच, आणि त्यासाठी कोणी काही विचारत नाही.

प्रश्न : मी अहिल्यानगरचा, जन्माने प्रोटेस्टंट. आता मी कोणताच धर्म मानत नाही. शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे ‘ख्रिस्ती’ लागले आहे. ‘धर्म नाही’ असे लिहिता येते का? तसे लिहिल्यास वडिलांच्या घरातला माझा वाटा जाईल का?

उत्तर : लिहिता येते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिलेल्या एका निकालात म्हटले आहे की, कोणत्याही अर्जात किंवा निवेदनात धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन करू शकत नाही, आणि घटनेच्या पंचविसाव्या कलमातील सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात ‘मला धर्म नाही’ असे म्हणण्याचा हक्कही येतो. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, तो अर्ज करणारे लोक नास्तिक नव्हते. येशू ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा होती, पण आपण ख्रिस्ती किंवा अन्य कोणत्याही धर्माचे नाही असे त्यांचे म्हणणे होते, आणि तशी राजपत्रात नोंद करायला शासकीय मुद्रणालयाने नकार दिल्यामुळे ते न्यायालयात गेले होते. जनगणनेतही तुम्ही जे सांगाल तेच लिहून घेणे प्रगणकावर बंधनकारक असते. २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींच्या देशात स्वतःला नास्तिक म्हणवणारे सुमारे ३३ हजार नोंदले गेले आणि त्यांतले साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले होते, म्हणजे तुम्ही अगदीच एकटे नाही.

वाट्याची काळजी करू नका. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. वडिलांनी इच्छापत्र केले नसेल तर मुलाचा वाटा नात्यावरून ठरतो, तो रविवारी उपासनेला जातो की नाही यावरून नव्हे. इच्छापत्र केले असेल तर मात्र त्यातले शब्द चालतील. तेव्हा वकिलाआधी वडिलांशी बोला.

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षांपासून जर्मनीत नोकरी करतो. आम्ही कॅथलिक. तिथे पगारातून चर्चसाठी कर कापला जातो म्हणून त्याने सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडल्याचे लिहून दिले. तो म्हणतो, फक्त पैशांसाठी, मी मनाने ख्रिस्तीच आहे. मग तो धर्मत्यागी झाला का? पुढच्या वर्षी त्याचे लग्न आपल्या चर्चमध्ये लावायचे आहे.

उत्तर : तुमच्या मुलाने जे केले ते जर्मनीत दरवर्षी लाखो लोक करतात, एकट्या २०२२ साली पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी तसे लिहून दिले. तिथे नाव नोंदवताना धर्म विचारतात आणि ‘कॅथलिक’ सांगितले की प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के एवढी रक्कम चर्चकर म्हणून वेगळी कापली जाते. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांत आठ, इतरत्र नऊ. ही टक्केवारी पगाराची नसून कराची आहे, पण पगारपत्रकावर तो आकडा दर महिन्याला दिसतो आणि परदेशात नव्याने संसार मांडणाऱ्या मुलाला तो खुपला असेल तर मला नवल वाटत नाही.

जर्मन बिशपांची भूमिका मात्र कडक आहे. सप्टेंबर २०१२ च्या त्यांच्या फर्मानानुसार असे लिहून देणाऱ्याला पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद हे संस्कार मिळत नाहीत, त्याला धर्मपिता होता येत नाही, आणि चर्चमध्ये लग्नासाठी वेगळी परवानगी लागते. केवळ मरणाच्या दारात असलेल्याला यातून सवलत आहे. स्नानसंस्कार मात्र पुसला जात नाही, कारण चर्चच्या शिकवणुकीप्रमाणे तो एकदाच होतो आणि कायमचा असतो; म्हणून परत यायचे झाले तर पुन्हा स्नानसंस्कार नसतो, तिथल्या धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, फादरांना भेटून पुनःप्रवेश घ्यावा लागतो.

लग्नाचा विचार असेल तर त्याने हे आताच मार्गी लावावे आणि तुमच्या इथल्या फादरांपासून लपवू नये. आणि एक विचारू का? ‘फक्त पैशांसाठी’ असे तो म्हणतो ते खरेही असेल. पण कधी कधी मुले आईवडिलांना सोसेल असे कारण पुढे करतात. एखाद्या निवांत रविवारी, कराचा विषय न काढता, तू मिस्सेला जातोस का एवढेच विचारा, आणि उत्तर ‘नाही’ आले तर फोन ठेवू नका.

प्रश्न : मी सांगलीचा निवृत्त शिक्षक, तीस वर्षे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. आमच्या घरात देव्हारा नाही, मुलीचे नाव आम्ही विधीशिवाय ठेवले. ती आता पुण्यात नोकरी करते, चोवीस वर्षांची आहे. गेले वर्षभर ती कॅथलिक चर्चमध्ये जाते आणि येत्या ईस्टरला तिला स्नानसंस्कार घ्यायचा आहे. ती म्हणते, मला श्रद्धा सापडली. कोणी तिला फसवले तर नसेल? आमच्या संस्कारांत काय कमी पडले? तिने आम्हाला समारंभाला बोलावले आहे. ज्या गोष्टीविरुद्ध आयुष्यभर बोललो तिथे जाऊन बसायचे का?

उत्तर : गुरुजी, पहिल्या पत्रातल्या मुलीची आई जो प्रश्न विचारील असे मी वर लिहिले, तोच तुम्ही विचारला आहे. बाजू बदलली तरी दुखते तिथेच.

फसवणुकीची शंका तुमच्यासारख्या कार्यकर्त्याला येणारच, आणि ती तपासण्याचे ज्ञानही तुम्हालाच अधिक आहे. नोकरीचे, पैशांचे किंवा लग्नाचे आमिष आहे का? जुन्या मित्रांशी आणि घराशी संबंध तोडायला सांगितले आहे का? औषधे बंद करून प्रार्थनेवर विसंबायला सांगितले आहे का? यांतले काही असेल तर जरूर मध्ये पडा. पण ज्या चर्चमध्ये प्रौढ माणसाला स्नानसंस्काराआधी महिनोन् महिने शिकवणुकीला बसवतात, तिथे ती वर्षभर गेली आणि तिने तुम्हाला लपवून नव्हे तर बोलावून सांगितले, यातून मला तरी फसवणूक दिसत नाही.

तुमच्या कामात डॉ. अब्राहम कोवूर यांचे नाव अनेकदा घेतले गेले असेल. १८९८ साली केरळातल्या तिरुवल्ला इथे एका धर्मगुरूच्या घरी ते जन्मले. त्यांचे वडील मार थोमा या केरळातल्या ख्रिस्ती पंथाचे व्हिकर जनरल, म्हणजे बिशपांच्या हाताखालचे वरिष्ठ धर्मगुरू, होते. त्या घरातून निघालेला मुलगा श्रीलंकेत वनस्पतिशास्त्र शिकवू लागला, चमत्कार सिद्ध करणाऱ्याला एक लाख रुपयांचे आव्हान त्याने दिले, आणि १९७८ साली मरताना त्याने डोळे व देह दान केले. आपण त्यांना मानतो ते त्यांनी वडिलांच्या घरातली श्रद्धा स्वतःच्या बुद्धीने तपासून बाजूला ठेवली म्हणून. तो हक्क धर्मगुरूच्या मुलाला होता तसा विवेकवाद्याच्या मुलीलाही आहे, आणि ती तपासून भलत्याच ठिकाणी पोचली असे तुम्हाला वाटले तरी तो जात नाही.

अमेरिकेतल्या डोरोथी डे यांची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. त्या डाव्या विचारांच्या पत्रकार होत्या आणि संपात, मोर्चात, तुरुंगात त्यांची तरुणपणाची वर्षे गेली. त्यांचे जोडीदार फॉर्स्टर बॅटरहॅम हे पक्के नास्तिक, समुद्रकाठी मासे आणि तारे पाहण्यात रमणारे. १९२६ साली मुलगी झाली आणि तिला कुशीत घेतल्यावर वाटलेली कृतज्ञता कोणापुढे तरी व्यक्त करावी असे डोरोथी यांना अनावर वाटू लागले. त्यांनी आधी मुलीला कॅथलिक चर्चमध्ये स्नानसंस्कार देववला आणि डिसेंबर १९२७ मध्ये स्वतः घेतला. फॉर्स्टर यांना हे सोसेना, चर्चमध्ये लग्न करणे तर त्यांना अशक्यच होते. दोघे वेगळे झाले. जुन्या सोबत्यांना वाटले, बाई चळवळीतून गेली. पण १९३३ साली, ऐन मंदीत, तिने एक सेंट किमतीचे कामगारांचे वर्तमानपत्र सुरू केले आणि भुकेल्यांसाठी घरे उघडली. श्रद्धा आली म्हणून अन्यायाची चीड गेली नाही. पुढे सुमारे तीस वर्षांनी फॉर्स्टर यांची सहचारिणी कर्करोगाने अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी हाक मारली ती डोरोथी यांना, आणि त्या शुश्रूषेला गेल्या. तुमच्या मुलीने तुमच्या घरातून काय नेले हे पाहायचे असेल तर ती चर्चमध्ये जाते की नाही याकडे पाहू नका. ती मोलकरणीशी कशी बोलते आणि पटले नाही तर वरिष्ठांना तोंडावर सांगते का, ते पाहा.

समारंभाला जा. तुम्ही तिथे तिचे वडील म्हणून जाता आहात आणि ते सगळ्यांना ठाऊक असेल, त्यामुळे तुमच्या तत्त्वाला कुठेही बाध येत नाही. तयारी असावी म्हणून तिथे काय होते ते सांगते. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री चर्चच्या बाहेर अग्नी पेटवतात, त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात आणि अंधारातून ती आत नेतात. सगळ्यांच्या हातात लहान मेणबत्त्या असतात. तुम्हालाही कोणी देईल, ती उजेडासाठी हातात धरायला हरकत नाही. मग बरीच वाचने होतात. त्यानंतर तुमच्या मुलीला प्रश्न विचारतील, ती उत्तरे देईल, आणि तिच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततील. जमलेले लोकही आपल्या स्नानसंस्काराची वचने पुन्हा म्हणतील, तेव्हा तुम्ही गप्प उभे राहा. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जागेवर बसून राहा. शेजारच्यांना वाट देण्यापुरते पाय आवरून घेतले की झाले. सगळे मिळून दोन तासांहून अधिक वेळ लागतो, तेव्हा आधी थोडे खाऊन जा, आणि तिला कुठून दिसाल अशी जागा कोणती ते तिलाच विचारून ठेवा.